नामांकन कोणाच्या हाती? अमेरिकेतील लष्करी अकादमी आणि काळा कॅडेट

१

सैन्यातील अधिकारी घडवणाऱ्या संस्थांत प्रवेश कसा मिळतो, हा विषय या पानांवर काहीसा अनपेक्षित वाटेल. परंतु शस्त्र कोणी धरावे आणि हुकूम कोणी द्यावा हे ज्या समाजासाठी नेहमी दुसऱ्यांनीच ठरवले, त्याला हा विषय परका नाही. शिपाई म्हणून मरण्याची मुभा अनेक देशांनी तळच्या माणसांना कधी ना कधी दिली. अधिकारी म्हणून हुकूम देण्याची मुभा देताना मात्र फार उशीर लावला, आणि दिली तेव्हाही दाराशी राखणदार बसवूनच दिली.

प्रस्तुत लेखात अमेरिकेतील लष्करी अकादमींचा विचार केला आहे. अमेरिका निवडण्याचे कारण असे की, तेथे मुलाची निवड होण्याआधी त्याचे नाव बहुधा एखाद्या लोकप्रतिनिधीने सुचवावे लागते. त्यामुळे मताचा अधिकार आणि शिक्षणाचा अधिकार यांचा संबंध तेथे अगदी उघड दिसतो. ज्यांचे मत हिरावले गेले त्यांचा प्रवेशही बंद झाला, आणि त्यासाठी प्रवेशाच्या नियमातील एक शब्दही बदलावा लागला नाही. ही गोष्ट आपण नीट समजून घेतली पाहिजे.

२

अमेरिकेत केंद्र सरकारच्या अशा पाच अकादमी आहेत. सर्वांत जुनी वेस्ट पॉइंट येथील भूदलाची अकादमी. न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेस हडसन नदीच्या काठी ती १८०२ साली स्थापन झाली. अ‍ॅनापोलिस येथील नौदलाची अकादमी १८४५ सालची. कोलोरॅडो राज्यातील विमानदलाची अकादमी १९५४ च्या कायद्याने निर्माण झाली. या तीन प्रमुख होत. याशिवाय व्यापारी जहाजांसाठी एक आणि तटरक्षक दलासाठी एक अशा आणखी दोन आहेत. यांपैकी तटरक्षक दलाच्या अकादमीला नामांकन लागत नाही, बाकी चारींना लागते.

या संस्थांचे महत्त्व तेथील गरीब माणसाला सांगावे लागत नाही. अमेरिकेत महाविद्यालयाची फी सामान्य कुटुंबाचे कंबरडे मोडणारी असते. भूदल, नौदल आणि विमानदल यांच्या अकादमींत मात्र चार वर्षांचे शिक्षण, राहणे, जेवण, औषधपाणी सारे सरकारी खर्चाने होते आणि वर दरमहा वेतन मिळते. चार वर्षांनी हाती पदवी येते आणि अधिकाऱ्याचे पद मिळते. बदल्यात पदवीनंतर किमान पाच वर्षे सैन्यात काढावी लागतात. वेस्ट पॉइंटला दरवर्षी सुमारे बाराशे मुलेमुली घेतली जातात. इच्छुक त्याच्या कितीतरी पट असतात.

आता प्रवेशाची पद्धत पाहू. उमेदवार अमेरिकेचा नागरिक असावा. प्रवेशाच्या वर्षी १ जुलैला त्याचे वय १७ पूर्ण असावे आणि २३ झालेले नसावे. तो अविवाहित असावा आणि त्याच्यावर मुलांच्या पोषणाची कायदेशीर जबाबदारी नसावी. एवढी पात्रता असली तरी अकादमी त्याला थेट प्रवेश देऊ शकत नाही. त्याच्या नावाचे नामांकन यावे लागते.

नामांकन देण्याचा अधिकार प्रामुख्याने काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकेच्या संसदेच्या सभासदांकडे आहे. प्रत्येक राज्याचे दोन सिनेटर असतात आणि प्रत्येक मतदारसंघाचा एक प्रतिनिधी असतो. या प्रत्येकाच्या नावावर एका अकादमीत एका वेळी पाच विद्यार्थी असू शकतात. त्यांतला एक पदवी घेऊन बाहेर पडला की जागा रिकामी होते आणि त्या जागेसाठी सभासद अनेक नावे पाठवू शकतो. ही संख्या दीर्घकाळ दहा होती, अलीकडे ती वाढवण्यात आली आहे. उमेदवार आपल्या दोन सिनेटरांकडे, आपल्या मतदारसंघाच्या प्रतिनिधीकडे आणि देशाच्या उपराष्ट्राध्यक्षांकडे असे चार ठिकाणी अर्ज करू शकतो.

नावे पाठवण्याच्या तीन रीती आहेत. पहिल्या रीतीत सभासद नुसती यादी पाठवतो आणि त्यांतला सर्वांत योग्य उमेदवार अकादमी निवडते. दुसऱ्या रीतीत तो एकाला मुख्य उमेदवार ठरवतो आणि इतरांना आपल्या पसंतीच्या क्रमाने मागे उभे करतो. तिसऱ्या रीतीत मुख्य उमेदवार सभासदाचा असतो, पण तो अपात्र ठरल्यास उरलेल्यांतून अकादमी निवडते. दुसऱ्या आणि तिसऱ्या रीतीत मुख्य उमेदवार किमान पात्रतेला उतरला की त्याला घ्यावेच लागते. यादीतला दुसरा कोणी त्याच्याहून कितीही हुशार असो, ती जागा मुख्य उमेदवाराचीच. कोणती रीत वापरायची हे सभासदाच्या मर्जीवर असते. काही सभासद नागरिकांची समिती नेमून मुलाखती घेतात, काही सर्व काही आपल्या कार्यालयातच उरकतात. आपल्याकडे ज्याला वशिला म्हणतात त्याला येथे कायद्याने एक खुर्ची मांडून दिली आहे, असे म्हटले तर ते फार वावगे होणार नाही.

संसदेबाहेरूनही काही वाटा आहेत. सैन्यात दीर्घकाळ नोकरी केलेल्यांच्या मुलांसाठी राष्ट्राध्यक्षांच्या नावे दरवर्षी शंभर जागा असतात. युद्धात मेलेल्या किंवा अपंग झालेल्या सैनिकांच्या मुलांसाठी वेगळ्या जागा आहेत. सर्वोच्च शौर्यपदक मिळवलेल्यांच्या मुलांना तर संख्येची मर्यादाच नाही. आधीच शिपाई असलेल्या तरुणांसाठीही काही जागा राखलेल्या आहेत. म्हणजे ज्याचा बाप सैन्यात होता त्याला एक दार जास्त आहे. ज्याच्या बापाला सैन्यात घेतलेच नव्हते त्याला ते नाही.

नामांकनानंतर गुणवत्तेची पाहणी होते. वैद्यकीय तपासणी आणि शारीरिक क्षमतेची चाचणी होते. वेस्ट पॉइंटला एकूण मूल्यमापनात अभ्यासाला सुमारे साठ टक्के, नेतृत्वाला तीस टक्के आणि शारीरिक क्षमतेला दहा टक्के वजन दिले जाते. नेतृत्व कसे मोजतात? शाळेच्या संघाचा कप्तान होता का, विद्यार्थी परिषदेत होता का, स्काउटमध्ये होता का, यांवरून. शाळा सुटल्यावर जो मुलगा दुकानात काम करून घर चालवतो त्याच्या नेतृत्वाला कप्तानपदाचा बिल्ला मिळत नाही.

३

ही पद्धत आली कोठून? सुरुवातीच्या काळात वेस्ट पॉइंट म्हणजे बड्या घराण्यांच्या मुलांची सोय, अशी टीका होत असे. जागा सर्व देशात सारख्या वाटल्या जाव्यात म्हणून प्रत्येक मतदारसंघाला एक कॅडेट हा रिवाज पडला, आणि १८४३ साली त्याला कायद्याचे रूप आले. हेतू लोकशाहीचाच होता. दूरच्या शेतकऱ्याच्या मुलालाही राजधानीतल्या अधिकाऱ्याच्या मुलाइतकीच संधी मिळावी, असा तो विचार. परंतु लोकशाही ज्या माणसांची त्यांचाच तो लाभ. १८४३ साली दक्षिणेतला काळा माणूस मतदार नव्हता, तो मालमत्ता होता.

अधिकार एका माणसाच्या हाती आला की त्याचा बाजार मांडला जातो. १८७० साली दक्षिण कॅरोलिनाचा प्रतिनिधी बेंजामिन व्हिटमोर याने कॅडेटच्या जागा पैसे घेऊन दिल्याचे उघड झाले. सभागृहातून हकालपट्टी होणार हे दिसताच त्याने राजीनामा दिला. पोटनिवडणुकीत तो पुन्हा निवडून आला, तेव्हा सभागृहाने त्याला बसू दिले नाही. नामांकनाला बाजारात किंमत होती, याचा यापेक्षा चांगला पुरावा कोणता?

त्याच १८७० साली, त्याच दक्षिण कॅरोलिनातून, वेस्ट पॉइंटने पहिला काळा कॅडेट घेतला. यादवी युद्ध संपून पाच वर्षे झाली होती. गुलामी कायद्याने संपली होती, काळ्या पुरुषांना मताचा अधिकार मिळाला होता आणि दक्षिणेतील प्रतिनिधींना त्यांच्या मतांची गरज होती. जेम्स वेब्स्टर स्मिथ हा गुलामीत जन्मलेला तरुण. सॉलोमन होज या गोऱ्या प्रतिनिधीने त्याचे नाव सुचवले. स्मिथ प्रवेशपरीक्षा उत्तीर्ण झाला. आत त्याच्याशी कोणी बोलेना, मारहाण आणि शिव्या नित्याच्या झाल्या, लष्करी न्यायालयासमोर त्याला उभे केले गेले. १८७४ साली एका विषयात नापास ठरवून त्याला काढून टाकले. दोन वर्षांनी क्षयाने तो वारला. १९९७ साली, मरणानंतर एकशे एकवीस वर्षांनी, अमेरिकेने त्याला अधिकारीपद दिले.

१८७३ साली जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली आणि गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील लोकांना ती अर्पण केली. नेमक्या त्याच वर्षी हेन्री ओसियन फ्लिपर हा जॉर्जियातील गुलामाचा मुलगा वेस्ट पॉइंटमध्ये दाखल झाला. त्याने स्वतःच आपल्या प्रतिनिधीला पत्र लिहून नामांकन मागितले होते. चार वर्षांच्या अबोल्यात त्याने शिक्षण पुरे केले. १८७७ साली ७६ जणांत पन्नासावा येऊन तो वेस्ट पॉइंटचा पहिला काळा पदवीधर झाला आणि पुढच्याच वर्षी त्याने आपल्या कॅडेटजीवनाचे आत्मकथन छापले. घोडदळात तो अधिकारी झाला. परंतु १८८१ साली त्याच्यावर पैशांच्या अफरातफरीचा खटला भरण्यात आला. अफरातफरीतून तो सुटला, तरी अधिकाऱ्याला न शोभणारे वर्तन असा ठपका ठेवून १८८२ साली त्याला बडतर्फ केले. १९७६ साली सैन्याने ती बडतर्फी दुरुस्त केली आणि १९९९ साली राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी त्याला माफी दिली. माफी कोणी कोणाला द्यायची, हा प्रश्न वाचकांनीच विचारावा.

जॉन्सन व्हिटेकर याची कथा याहून विदारक आहे. त्याचेही नाव होजनेच सुचवलेले. १८८० सालच्या एप्रिलमध्ये एका सकाळी तो आपल्या खोलीत खाटेला बांधलेला, रक्तबंबाळ, कान चिरलेल्या अवस्थेत सापडला. रात्री तोंडे झाकलेल्या माणसांनी मारल्याचे त्याने सांगितले. संस्थेने निष्कर्ष काढला की हे त्याने स्वतःच स्वतःला केले! लष्करी न्यायालयाने त्याला दोषी ठरवले. राष्ट्राध्यक्ष आर्थर यांनी १८८२ साली तो निकाल रद्द केला, पण पूर्वीच्या एका तोंडी परीक्षेत नापास झाल्याचे कारण दाखवून त्याला काढण्यात आलेच. व्हिटेकर पुढे शिक्षक आणि वकील झाला. १९९५ साली त्यालाही मरणोत्तर अधिकारीपद मिळाले.

१८८७ साली जॉन अलेक्झांडर आणि १८८९ साली चार्ल्स यंग असे आणखी दोन काळे पदवीधर झाले. १८७० ते १८८९ या काळात जेमतेम बारा काळे तरुण वेस्ट पॉइंटच्या आत पोचले, त्यांतले तिघे पदवी घेऊन बाहेर आले. नौदलाच्या अकादमीत १८७२ साली जेम्स कॉनियर्स याला रॉबर्ट इलियट या काळ्या प्रतिनिधीने पाठवले होते. छळाला कंटाळून त्याने सुमारे वर्षभराने राजीनामा दिला.

४

चार्ल्स यंगनंतर वेस्ट पॉइंटला पुढचा काळा पदवीधर मिळायला ४७ वर्षे लागली. या ४७ वर्षांत काळ्यांना मनाई करणारा कोणताही नियम झाला नव्हता. झाले ते दुसरेच. १८७७ साली, ज्या वर्षी फ्लिपर पदवीधर झाला त्याच वर्षी, दक्षिणेतील काळ्यांच्या हक्कांचे रक्षण करणारे केंद्राचे सैन्य मागे घेण्यात आले. १८९० नंतर मिसिसिपीपासून सुरुवात करून एकेका राज्याने मतदानासाठी साक्षरतेच्या परीक्षा आणि डोईपट्टीसारखे कर लावले. जोडीला दहशत होतीच. काळे मतदार यादीतून पुसले गेले. १९०१ साली जॉर्ज व्हाइट या काळ्या प्रतिनिधीची मुदत संपली आणि त्यानंतर २८ वर्षे काँग्रेसमध्ये एकही काळा माणूस नव्हता. ज्याला मताची भीती नाही तो गोरा प्रतिनिधी काळ्या मुलाचे नाव कशाला सुचवील? अकादमीचे दार उघडेच होते, दारापर्यंत नेणारा पूल तेवढा काढून घेतला होता.

तो पूल पुन्हा बांधला गेला तो उत्तरेत. दक्षिणेतून लाखो काळे मजूर कारखान्यांच्या शहरांत गेले आणि तेथे त्यांना मत होते. १९२८ साली शिकागोने ऑस्कर डी प्रीस्ट याला निवडून दिले. त्या वेळी तो काँग्रेसमधला एकमेव काळा सभासद होता. त्याने बेंजामिन डेव्हिस या तरुणाचे नाव वेस्ट पॉइंटला सुचवले. डेव्हिसचे वडील स्वतः सैन्यात अधिकारी होते, शिपायापासून चढत गेलेले. तरीही मुलाला दार उघडायला काळ्या मतदारांनी निवडलेला माणूसच लागला. डेव्हिस पहिल्या खेपेस प्रवेशपरीक्षेत नापास झाला, पुन्हा अभ्यास करून १९३२ साली उत्तीर्ण झाला.

आत गेल्यावर काय झाले ते आपल्याकडच्या गावातल्या माणसाला एका शब्दात कळेल: त्याला वाळीत टाकले. चार वर्षे त्याच्या खोलीत दुसरा विद्यार्थी दिला नाही. जेवणाच्या टेबलावर कोणी त्याच्याशी बोलत नसे. कामापुरते शब्द सोडले तर संभाषण नाही. हुक्का बंद, पाणी बंद, बोलणे बंद हा आपल्या गावगाड्याचा कायदा हडसनच्या काठी इंग्रजीतून अमलात आला होता. डेव्हिस टिकला. १९३६ साली २७६ जणांत पस्तिसावा आला. दुसऱ्या महायुद्धात त्याने काळ्या वैमानिकांच्या तुकडीचे नेतृत्व केले, १९५४ साली तो विमानदलाचा पहिला काळा जनरल झाला, आणि वेस्ट पॉइंटमधील एका वसतिगृहाला २०१७ साली त्याचे नाव देण्यात आले.

नौदलाला याहून उशीर लागला. अ‍ॅनापोलिसचा पहिला काळा पदवीधर वेस्ली ब्राउन १९४९ सालचा. त्याचे नामांकन कोणाचे? न्यूयॉर्कच्या हार्लेममधून निवडून आलेल्या अ‍ॅडम क्लेटन पॉवेल या काळ्या प्रतिनिधीचे. इलियट, डी प्रीस्ट, पॉवेल ही नावे एका ओळीत मांडली की साऱ्या इतिहासाचा धागा हाती येतो. सैन्यातील भेदभाव संपवण्याचा राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांचा आदेश १९४८ चा आहे. स्त्रियांना या अकादमींत प्रवेश मिळाला तो १९७६ साली, आणि तोही काँग्रेसने कायदा केल्यावर.

५

आज स्थिती पुष्कळ बदलली आहे. १९७९ साली व्हिन्सेंट ब्रुक्स हा वेस्ट पॉइंटच्या सर्व कॅडेटांचा पहिला काळा प्रमुख झाला, २०१७ साली सिमोन अ‍ॅस्क्यू ही पहिली काळी स्त्री त्या पदावर आली. ज्यांचा अभ्यास थोडा कमी पडतो त्यांच्यासाठी एका वर्षाच्या पूर्वतयारी शाळा या अकादमीच चालवतात. ही सोय मला फार मोलाची वाटते, कारण तीत मुलाला नाकारण्याऐवजी त्याची तयारी करून घेतली जाते.

परंतु नामांकनाची किल्ली अजून तेथेच आहे. कनेक्टिकटमधील माजी सैनिकांच्या कायदाविषयक केंद्राने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की, तेव्हाच्या काँग्रेस सभासदांनी दिलेल्या नामांकनांपैकी काळ्या मुलामुलींच्या वाट्याला सुमारे सहा टक्केच आली होती. तरुणांच्या लोकसंख्येत त्यांचे प्रमाण याच्या दुपटीहून अधिक आहे. याचे एक कारण साधे आहे. आपल्याकडच्या अकरावीच्या सुमारासच मुलाने प्रतिनिधीच्या कार्यालयाकडे अर्ज करण्याची तयारी सुरू करावी लागते, कार्यालयांच्या मुदती बहुधा शरद ऋतूत संपतात आणि जानेवारीअखेर नावे अकादमीकडे जावी लागतात. ज्या घरात, ज्या शाळेत हे कोणालाच ठाऊक नाही, तेथील मूल मुदत संपल्यावर जागे होते. पहिल्या पिढीत शिकणाऱ्याला गुणांआधी ही माहिती कमी पडते, हे आपल्यापैकी प्रत्येकाला ठाऊक आहे.

अकादमी प्रवेश देताना वर्णाचा विचार करू शकतील काय, हा वाद अलीकडे न्यायालयात गेला. जून २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने इतर विद्यापीठांना तसे करण्यास मनाई केली, पण लष्करी अकादमींचा प्रश्न तळटीपेत बाजूला ठेवला. डिसेंबर २०२४ मध्ये मेरीलँडच्या केंद्रीय न्यायालयाने नौदलाच्या अकादमीच्या बाजूने निकाल दिला. परंतु २०२५ साली सरकार बदलल्यावर अकादमींनी वर्णाचा विचार करणे सोडून दिले. तळच्या माणसाला झुकते माप नको, गुणवत्ताच हवी, असे म्हणणाऱ्यांनी सभासदाच्या मर्जीने ठरणाऱ्या मुख्य उमेदवाराच्या रीतीला मात्र हात लावला नाही.

६

आपल्याकडे चित्र वेगळे आहे. चार्ल्स यंगनंतर वेस्ट पॉइंटचे दार जवळपास बंद झाले, त्याच सुमारास, १८९० नंतरच्या काही वर्षांत, इंग्रजांनी महारांची सैन्यभरती थांबवली. गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज केला. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ साल उजाडावे लागले. मधल्या पन्नास वर्षांत एका समाजाची सैनिकी परंपरा, पेन्शन आणि त्या पेन्शनीवर होणारे मुलांचे शिक्षण, सारेच तुटले.

स्वतंत्र भारतात खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत जाण्यासाठी कोणा आमदार-खासदाराचे नामांकन लागत नाही. लोकसेवा आयोगाची परीक्षा वर्षातून दोनदा होते. लेखी नऊशे गुणांची, त्यात गणिताचे तीनशे, आणि पुढे निवड मंडळाची मुलाखत व चाचण्या पुन्हा नऊशे गुणांच्या. अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला फी नाही. भूदलासाठी कोणत्याही शाखेतून बारावी झालेला बसू शकतो. २०२१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर मुलींनाही ही परीक्षा खुली झाली. सेनेच्या अधिकारीपदांना आरक्षण नाही, पण सैनिक शाळांत आहे, आणि छत्रपती संभाजीनगर येथे राज्य सरकारची पूर्वतयारी संस्था १९७७ पासून चालू आहे.

म्हणजे अमेरिकेतला पहिला राखणदार आपल्या दाराशी नाही. दुसरा आहे. कला शाखेच्या विद्यार्थ्यालाही ही परीक्षा देता येते, दहावीनंतर गणित सुटलेल्याने ते पुन्हा हाती घेतले पाहिजे, पाच दिवसांच्या निवडीत इंग्रजी बोलण्याचा सराव लागतो, या गोष्टी खेड्यातल्या किती महाविद्यालयांत सांगितल्या जातात? अमेरिकेतील काळ्या माणसाला प्रत्येक कॅडेटसाठी आधी एक प्रतिनिधी निवडून आणावा लागला. आपल्याला या एका बाबतीत तेवढे करावे लागत नाही. सूचनाफलकावर परीक्षेची तारीख लावणारा, फॉर्म भरून घेणारा आणि संध्याकाळी गणिताचा तास घेणारा एक शिक्षक प्रत्येक तालुक्यात उभा करावा लागेल. ते काम सरकारने करावे अशी मागणी आपण जरूर करावी, पण तोवर थांबू नये. पुढच्या परीक्षेची जाहिरात निघेल तेव्हा आपल्या वर्गातल्या एका तरी मुलाच्या आणि एका तरी मुलीच्या हाती ती पडली पाहिजे.